सव्वा कोटी युनिट

"एवढ्याशा मिठात सव्वा कोटी युनिट? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

सतीशने चिमूटभर मीठ जेवणाच्या टेबलावर आपटलं आणि इशिताची वही भिरकावली. इथे आखातात, अल रीम आयलंडवरचे दोन टॉवर तो सांभाळतो. लिफ्ट, पंप, एसी, कशाला किती वीज जाते ते त्याला तोंडपाठ. युनिट या शब्दावर तर जणू त्याचीच मालकी!

गणित शाळेतल्या सफा मॅडमनी दिलेलं. अर्धा ग्रॅम वस्तुमानाचं पूर्णपणे ऊर्जेत रूपांतर झालं, तर ऊर्जा किती? इशिताने ज्यूलमध्ये उत्तर काढलं. मग बाबाला कळावं म्हणून, मोठ्या हौसेने, त्याची विजेची युनिट केली. तिथेच पोरगी फसली.

"माझे दोन्ही टॉवर मिळून वर्षभरात एवढं खात नाहीत! एखादं शून्य चुकलं तर समजू शकतो. हा काय पोरखेळ आहे?"

"बाबा, पण स्पीड ऑफ लाइटचा स्क्वेअर..."

"खलास! मला शिकवू नकोस. वीस वर्षं हेच करतोय मी."

वीस वर्षं हा गृहस्थ मीटरचे आकडे वाचतोय. प्रकाशाच्या वेगाशी त्याचा काय संबंध? पण हे त्याला सांगणार कोण?

"सतीश, एकदा कुणाला तरी विचारून घे," मैथिली, त्याची बायको, म्हणाली.

"विचारतो ना! तिच्या मॅडमलाच विचारतो. बघू दे त्यांना, कुणाला सायन्स देताहेत ते." त्याने वहीचा फोटो काढला आणि तणतणत सफा मॅडमना पाठवला.

"यू नेव्हर लिसन!" इशिता रडत खोलीत गेली. दार धाडकन आपटलं.

ते दार सतीशला फार झोंबलं. अकरावी सायन्सची शेवटची उरलेली जागा इशिताला मिळाली होती. आज दोनच्या आत शाळेच्या पोर्टलवर वडिलांनी होकार द्यायचा होता. तीन आठवडे पोरगी त्याच्या मागे लागली होती. फिजिक्सशिवाय तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. सतीशने लॅपटॉप ओढला. "कॉमर्स करेल मुकाट्याने," तो म्हणाला आणि त्याने 'नो' दाबलं. मैथिली हात धरेपर्यंत स्क्रीनवर उत्तर उमटलंसुद्धा. जागा वेटिंग लिस्टमधल्या पुढच्या विद्यार्थ्याला देण्यात आली होती. सतीशने लॅपटॉप मिटला.

पाच मिनिटांत मॅडमचा मेसेज आला. त्यांनी तो इशितालाही पाठवला होता. "सर, आन्सर बिलकुल सही है. पूरे क्लास में सिर्फ इशिता का सही आया."

सतीशने तो दोनदा वाचला. घाईघाईने लॅपटॉप उघडला. पोर्टलवर आता दाबायला काहीच उरलं नव्हतं.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. इशिता धावत आली. डोळे अजून ओलेच, पण तोंडभर हसू. सगळा राग कुठल्या कुठे गेला होता. तिने मागून येऊन बाबाच्या गळ्यात हात टाकले.

"बाबा, आता तरी यस दाब ना! अजून वीस मिनिटं आहेत."