बारावा टॅब

"शंभरात एक खराब निघते, मॅडम. लई झालं त दोन," शेखर म्हणाला. "अकरा कसे होतीन?"

शाळेच्या ऑफिसातल्या लांब टेबलावर अकरा टॅब ओळीने मांडले होते. प्रत्येकावर जयमालाने कोरं पांढरं पान उघडलं होतं आणि प्रत्येक पडद्यावर, वरच्या बाजूला, बरोबर मधोमध एक उजळ गोल ठिपका दिसत होता. हरभऱ्याच्या दाण्याएवढा. टॅब बंद केला की काहीच दिसत नसे.

पुण्यात नोकरी करणाऱ्या गावच्या पोरांनी हे टॅब शाळेला भेट दिले होते, शेखरच्या मेहकरच्या दुकानातून. दसऱ्याला आले, कपाटात गेले. सुट्ट्या संपल्यावर जयमालाने ते मुलांच्या हाती दिले आणि तिसऱ्या दिवशी ठिपके तिनेच सगळ्यांना दाखवले. गप्प बसली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि ती कंत्राटी शिक्षिका होती. शाळा समितीचे अध्यक्ष किसनराव समोर बसले होते. त्यांच्या कोपराखाली ठराव होता : हयगयीबद्दल जयमालाबाईंना कामावरून कमी करावे. फक्त सही बाकी होती.

किसनराव मनाने वाईट नव्हते. तरुणपणी कुस्त्या मारलेला माणूस, जे करायचं ते जोर लावून. पाहुण्याला गंध लावायचे तेही असं की पाहुण्याची मान मागे जायची. मघाशी शेखरची गेली होती, आणि तो टिळा मिरवतच तो आता वाद घालत होता.

"अध्यक्षसाहेब, हा टॅब अख्ख्या जिल्ह्यात चालून राह्यला. तीनशे इकले म्या. वापस आले चार. देऊळघाटच्या एका क्लासवाल्यानं वीस नेले, त्याले एक डाग नाई. मंग तुमच्याच शाळेत अकरा काऊन? पोट्ट्यायनं दप्तरं टाकली असतीन त्याच्यावर."

जयमालाने आवाज स्थिर ठेवला. "चार लोक परत आले, शेखरभाऊ. किती लोकांनी पाहिलंच नसेल? सिनेमा बघणाऱ्याला हा डाग वर्षभर कळणार नाही. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी असं पांढरं पान उघडून पाहिलं का?"

"आपली वस्तू खराब हाय हे मानसाले कळत नाई का?"

"माझ्या वर्गाला तीन दिवस नाही कळलं."

किसनराव पुढे सरकले. "मॅडम, मले सीधं सांगा. पोट्ट्यायनं दाबलं का नाई?"

"नाही." तिने लाकडी पट्टी उचलली. "पोरांनी दाबलं असतं तर एकाचा डाग कोपऱ्यात पडला असता, एकाचा खाली. हे पाहा. वरच्या कडेपासून दोन बोटं. याचंही दोन बोटं. याचंही. अकरा पोरं एकाच जागी दाबतील का हो? हा कारखान्यातलाच दोष आहे."

शेखरने पट्टी घेऊन स्वतः मोजलं. एकेक करत अकरा. त्याचा चेहरा उतरला. मग त्याला एकदम आठवलं. "आन बारावा?"

बारावा मुख्याध्यापक शालिग्राम सरांकडे होता. त्यांनी तो पुढे केला. पडदा लख्ख होता.

"हा एक कमी पडला होता, दसऱ्यानंतर पाठवला म्या. पन माल त्याच खेपेतला," शेखर म्हणाला. "कारखान्याचा दोष असता त याच्यात नसता का?"

किसनरावांनी पेनाचं टोपण काढलं.

जयमालाने टेबलाखाली हात घट्ट धरले. ही नोकरी तिने तीन वर्षं वाट पाहून मिळवली होती. "अध्यक्षसाहेब, माह्या लेकरायनं नाई केलं हे," ती म्हणाली. शाळेतली भाषा सुटून घरची कधी आली तिलाही कळलं नाही. "म्या एक मिनिट नजर हटवली नाई."

शेखरने पट्टी खाली ठेवली.

"थांबा, अध्यक्षसाहेब. जागा एकच हाय, हे मले खोटं नाई पाडता येत. कंपनीचाच दोष असन. गाडीत नवे हायेत, ते घ्या. जुने मी कंपनीले धाडतो. पन तठी दाबल्याचा डाग निघाला त माही एजन्सी गेली समजा."

किसनरावांनी ठराव उचलला आणि त्याचे चार तुकडे केले. "चुकलो, मॅडम. उगाच तुमाले बोल लावला."

जयमालाचे डोळे भरून आले. तिने ते लपवले नाहीत.

अकरा नवे टॅब आले. पुन्हा अकरा पांढरी पानं उघडली गेली. एकावरही ठिपका नव्हता. सरांनी तसं लिहून दिलं. शेखर जुने खोक्यात भरू लागला.

तेवढ्यात किसनरावांच्या घरून तानुबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. किसनराव खुर्चीतून उठले. आता त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"दसऱ्याले तुमी गावी गेल्या होत्या, मॅडम, म्हनून तुमाले पाह्याले नाई भेटलं. नवी चीज पूजेबिगर लेकराच्या हाती द्याची नाई, हा आपल्या गावचा रिवाज हाय."

त्यांनी ओल्या कुंकवात अंगठा बुडवला. पहिल्या टॅबच्या कपाळी, वर, बरोबर मधोमध टेकवला आणि जोर दिला. मग दुसरा. मग तिसरा.

"काच आहे, अध्यक्षसाहेब, वाळेल मग," जयमाला हसत म्हणाली आणि पहिल्या पडद्यावरचं कुंकू तिने रुमालाने पुसलं.

कुंकू निघालं. खाली हरभऱ्याएवढा ठिपका उजळत होता.