सफरचंदांचा वर्ग

भिंतीवर ओळीने चाळीस सफरचंदं टांगली होती. प्रत्येकावर डावीकडून उजेड, उजवीकडे सावली. आन्सेल्म पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत चालत गेला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"आवडली ना?" सिस्टर क्लोतिल्द म्हणाल्या. "तुमचं पत्र आलं. पॅरिसचा चित्रकार आमच्या वेड्यांची चित्रं बघायला येतोय म्हटल्यावर गावातले ड्रॉइंगमास्तरच लावले. आठवड्यातून तीनदा. म्हटलं, तुमच्यापुढे शोभा नको."

 गेल्या वर्षी याच इस्पितळात आन्सेल्मने फिलोमेन नावाच्या एका रुग्ण बाईची चित्रं पाहिली होती. साबणाच्या वेष्टणांवर काढलेल्या गाई, एकेकीला पाच पाच डोळे. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. त्या गाईंनी त्याची झोप उडवली. पॅरिसला परतल्यावर त्याने स्वतःची जुनी चित्रं खरवडली, वर डांबर आणि वाळू थापली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग कौतुकाचं ते पत्र लिहिलं. त्या पत्रानेच आता तिचा हात बिघडवला होता.

"यातलं फिलोमेनचं कुठलं?" त्याने कसंबसं विचारलं.

सिस्टर ओशाळल्या. "तिचं नाही हो यात. मास्तरांनी पहिल्याच दिवशी हाकललं तिला. सफरचंद काढ म्हटलं, तर आत अळी काढली. अळीच्या पोटात अख्खं गाव, चर्चसकट. मास्तर म्हणाले, ही शिकण्यातली नाही. तेव्हापासून धुण्याच्या खोलीत बसते. तिकडे नका जाऊ साहेब, भिंती पार खराब केल्यात."

तो जवळजवळ धावतच गेला.

खोलीभर वाफ होती. जमिनीपासून हात पोचेल तिथवर कपड्यांच्या निळीने काढलेल्या गाई उभ्या होत्या. काहींना आता पंख फुटले होते. आन्सेल्म चौकटीला टेकला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याला नीट श्वास घेता आला.

फिलोमेनने मान वळवली नाही. तिचं बोट भिंतीवर फिरत होतं.

"दारातून बाजूला व्हा, उजेड अडतोय. तुम्हालाही हाकललं का मास्तरांनी?"

"नाही," तो म्हणाला. "मला सहा वर्षं वर्गात बसवून ठेवलं."

तिचं बोट थांबलं. तिने वळून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि निळीचं भांडं त्याच्या बाजूला सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "बरे व्हाल हळूहळू."