सरांचा ब्लाउजपीस

अनंतसरांनी बूट काढले नाहीत. रविवार पेठेतल्या त्या मॅचिंगच्या दुकानात गादीवर पांढरी चादर असते, अख्तरबानू ती रोज सकाळी स्वतःच्या हाताने बदलतात, आणि पायरीपाशी काढलेल्या चपला बघून पोरासोरालाही कळतं काय करायचं ते. सरांना कळलं नाही. त्यांना आकाशातलं कळतं. बूट तेवढे चादरीबाहेर लोंबते ठेवून ते गादीच्या कडेला टेकले आणि बायकोच्या साडीची पिशवी पुढे सरकवली.

"आजी, याला मॅचिंग द्या." एवढं बोलून ते नातीकडे वळले. "रझिया, पेपर आज संध्याकाळी पाठवायचाय. सगळ्यांचा होकार आला, तुझाच राहिलाय."

रझिया सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. सुट्टीच्या दिवशी दादीच्या दुकानात बसायची.

"मी कळवलंय सर. तो तारा नाहीये."

सर हसले. मीटरने न येणाऱ्या रिक्षावाल्याशी बोलताना हसतात, तसं.

अख्तरबानूंची शाळा चौथीपर्यंत. पण घरात चार वर्षं तेच ऐकून त्यांना भांडण तोंडपाठ झालं होतं. वर फिरणाऱ्या एक्स-रे दुर्बिणीला आकाशात एक भडका पुन्हा पुन्हा दिसला. नेमका कुठे, ते तिला सांगता येत नाही. ती एक गोल आखून देते, याच्या आत शोधा म्हणते. साध्या फोटोत त्या गोलात दोन गोष्टी होत्या. एक ठळक तारा आणि एक फिकट डाग, असून नसल्यासारखा. सरांनी तारा धरला आणि दिल्लीच्या परिषदेत सांगूनही मोकळे झाले. रझियाने नारायणगावच्या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं काढून तारखा जुळवून बघितल्या. एक्स-रे तीनदा भडकला होता; तिन्ही वेळा त्याच आठवड्यात रेडिओत तो डाग तिप्पट झाला होता, आणि एक्स-रे विझला तसा तोही बसला. ताऱ्याच्या जागी रेडिओत काहीच नव्हतं.

"योगायोग असतात," सर म्हणाले.

"तीनदा?"

"तुझं ते रेडिओचं पुढच्या पेपरात बघू. मी जाहीर करून बसलोय, आता मागे फिरू? तू नुसतं 'हो' लिही." सरांनी आवाज खाली घेतला. "तुझ्या प्रबंधावर सही कुणाची लागते, ते मी सांगायला नको."

हातातली मीटरपट्टी रझियाने गादीवर आडवी ठेवली, परत उभी ठेवली.

अख्तरबानूंनी तोवर साडी उलगडली होती. वांगी रंग. तो म्हणजे डोकेदुखी. त्यांनी कापडाची चार ठाणं काढली आणि साडीचा पदर त्यांच्यावर टाकला.

"म्हणजे हिने दोन उजेडांत बघितलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही किती उजेडांत बघितलंत?"

"आजी, हे तुमच्या कळण्यातलं नाही." सरांनी चारांतल्या सगळ्यात चमकदार ठाणावर बोट ठेवलं. "हा. कापा."

"उन्हात बघून घ्या."

दुकानाचा तो नियम आहे. ट्यूबखाली जुळलेला रंग उन्हात पालटतो, म्हणून साडी आणि कापड दोन्ही पायरीखाली नेऊन धरायची आणि मगच कात्री. कापलेलं परत घेत नाहीत, हे बाहेर पाटीवरच लिहिलंय. नवी नवरी असो, नाहीतर मंत्र्याची बायको, सगळ्या मुकाट उतरतात.

"इथे जुळतंय ना? बास झालं. रझिया, मी थांबलोय."

रझिया उठली. साडी खांद्यावर टाकली, सरांचं ठाण बगलेत घेतलं, सगळ्यात खालचं मळकट दिसणारंही घेतलं, आणि ती पायरी उतरून उन्हात उभी राहिली. सरांचं कापड साडीवर धरलं. ते तांबडं झालं, पान खाल्लेल्या तोंडासारखं. मग मळकट धरलं. कापड कुठे संपतं आणि साडी कुठे सुरू होते, ते दादींना गादीवरून दिसेना.

तिने सरांचं कापड पायरीवर ठेवून दिलं.

"सर," ती उन्हातूनच म्हणाली, "माझं नाव काढा पेपरवरून. मी आत्ताच मेल करते. बाकीच्या लेखकांनाही पाठवते, तारखांसकट."

सर उभे राहिले. मदत लागली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा अख्तरबानूंच्या तोंडाकडे बघितलं.

"आजी, समजवा तिला. चार वर्षं पाण्यात घालवेल. आणि तो माझा पीस कापा, उशीर होतोय."

अख्तरबानूंनी कात्री गल्ल्यात टाकली आणि गल्ला बंद केला. रझियाकडून साडी घेतली, जुन्या घड्यांवर बरोबर घडी घातली, पिशवीत भरली. पिशवी त्यांनी सरांच्या हातात दिली नाही. खाली बुटांशेजारी ठेवली.

"नजर चांगली आहे साहेब तुमची. पायरी उतरायचा तेवढा आळस," त्या म्हणाल्या. "आणि बूट तर घालूनच बसला होतात."