तिसरं हसणं

निमगाव सावातल्या अमृतला बहिणीच्या हळदीत मोबाइल, लॅपटॉप आणि कीबोर्ड एकाच स्पीकरवर वाजवायचे होते. दुपारी बसून त्यानं चार-दोन रेझिस्टर डाक देऊन जोडले, तिन्ही वायरी एका डबीत आणल्या आणि बटण दाबलं. तिन्ही आवाज गुण्यागोविंदानं एकत्र घुमले.

"लई भारी की!" त्याची बायको वृषाली पलीकडून म्हणाली.

तेवढ्यात स्पीकरमधून तिचं खळखळून हसणं आलं. मग ती हसली, अगदी तस्संच.

"माइक लावलाय व्हय?"

"माइकच न्हाई आपल्याकडं," अमृत म्हणाला. स्पीकर त्याच्या आवाजात खो खो हसला आणि पाठोपाठ त्यालाही हसू फुटलं. दोघांना गंमतच वाटली.

अमृतनं तिन्ही वायरी उपसल्या. "आता अजिबात हसायचं न्हाई," असं ठरवून दोघं गाल फुगवून बसली.

स्पीकर हसला. आधी वृषालीच्या आवाजात, मग अमृतच्या आणि शेवटी कुणा अनोळखी म्हाताऱ्याच्या. घोगरं, पण खुशीतलं हसणं.

वृषालीला हसू आवरलं नाही. अमृतलाही नाही.

मग दोघांना एकदम तो तिसरा आवाज आठवला.

त्यांच्या मागं, रिकाम्या पलंगावर, कुणीतरी हसू दाबत होतं.