खिडकीजवळचा पलंग

"दक्षिणेला पाय नकोत रे," म्हणत बाबांनी हवेतच चिमूट धरून पलंग फिरवला. मी ऑफिसातून आणलेला हेडसेट त्यांच्या डोळ्यांवर होता. त्यात आपलीच खोली दिसायची आणि घ्यायचं सामान आधी तिथे मांडून बघता यायचं. ऑपरेशननंतर त्यांना उंच पलंग लागणार होता.

"नसलेल्या पलंगाचं एवढं कौतुक!" आई हसली.

ऑपरेशन झालं, पण बाबा शुद्धीवर आलेच नाहीत. घरी आणल्यावर त्यांना खिडकीजवळच्या त्याच मोकळ्या जागेत ठेवलं. "पाय दक्षिणेलाच हवेत," गुरुजी म्हणाले. आई नुसती त्यांच्या पायांकडे बघत राहिली.

तेरावं झाल्यावर हेडसेट परत करायचा होता. त्यातलं सगळं पुसण्याआधी मी तो एकदा डोळ्यांवर चढवला. खिडकीजवळ पलंग तसाच होता, बाबांनी फिरवून ठेवलेला.

मी हेडसेट आईच्या डोळ्यांवर लावला. ती जागेवरच थबकली. मग पुढे होऊन वाकली आणि हवेतच चादर सारखी करू लागली.

"झोपा आता," ती म्हणाली. "नाहीत हो पाय दक्षिणेला."