शनिवारचा बेत

घटस्फोट झाला आणि मैत्रिणींनी तिला हॉटेलात, गाण्याच्या कार्यक्रमांना, सिनेमाला बोलावणंच सोडलं. "अगं, आम्ही सगळ्या जोडीनं जातो, तुलाच अवघडल्यासारखं होईल," त्यांची म्होरकी लाडीगोडीनं म्हणाली. तिनं ते बोलणं गिळलं, पण पचवलं नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी तिनं म्होरकीच्याच घराची बेल वाजवली. नटूनथटून दारात आलेल्या म्होरकीचा चेहरा पडला. "अगं, आम्ही आता निघतच होतो…"

"निघा की! मी तुला न्यायला थोडीच आलेय?" ती गोड हसली आणि आत डोकावून ओरडली, "काकू, चला लवकर, सिनेमा सुरू होईल! बाकी तिघींच्या सासवा कधीच्या गाडीत बसल्यात!"



लिपस्टिक लावलेल्या सासूबाई लगबगीनं बाहेर आल्या आणि कडेवरचं नातवंड त्यांनी सुनेच्या हातात दिलं.