जांभळा रुमाल
सोल संगीताचा गायक थर्मन ड्रू डेट्रॉइटच्या कार्यक्रमांत स्वतःचा चेहरा छापलेले रेशमी रुमाल विकायचा. ते मी आयुष्यभर जमवले. आता संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरणार होतं. त्यातली एकच चौकट रिकामी होती, जांभळ्या रुमालाची, आणि तो थर्मनचे कार्यक्रम पाहिलेल्या म्हाताऱ्या मिस अर्नेस्टाइनच्या डोक्याला बांधलेला होता. “मागाल ती किंमत देते,” मी म्हटलं. “रात्री झोपताना वेण्यांना काय बांधतेस, पोरी?” त्यांनी विचारलं. “दुकानातला साधा रुमाल.” त्या खदाखदा हसल्या. “थर्मनचे रुमाल काचेत लोळतायत आणि तुझे कुरळे केस साध्यात घासून तुटतायत? अगं, तो स्टेजवरून ओरडायचा, मला उशाशी घेऊन झोपा गं बायांनो!” त्यांनी गाठ सोडली आणि रुमाल माझ्या डोक्याला आवळून बांधला. “विकायचा नाही. रोज बांधणार असशील तर ने.” उद्घाटनाला संग्रहालयाचे साहेब रिकाम्या चौकटीपाशी घुटमळत होते. माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, “द्या की तो, टांगूया.” “मग रात्री मी काय बांधू?”